दोन मिनिटांच्या कामासाठी वाई ते सांगली

बुधवारी सकाळी वाईच्या स्टँडवर सातारची गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोन पैलवान होते. दोघांचे फोटो पुठ्ठ्यात घालून सुतळीनं बांधले होते, सोबत मजकुराचा कागद होता. कुंडलच्या अलीकडच्या एका गावची यात्रा, भव्य जंगी कुस्त्या, पहिल्या नंबरची जोडी वगैरे वगैरे. या मैदानाचं पोस्टर मी कितीतरी वर्षं करते आहे. पद्धत ठरलेली. फोटो कात्रीनं कापायचे, पुठ्ठ्यावर चिकटवायचे, अक्षरं ब्रशनं काढायची, आणि आठ दिवसांनी मान अवघडली की काम झालं असं समजायचं.

यंदा मात्र कमिटीनं निरोप पाठवला की सांगलीत आता सगळी पोस्टरं कॉम्प्युटरवर होतात, तुम्ही तशी करणार असाल तर करा, नाहीतर आम्ही तिकडंच देतो. मीही ताठ्यात 'करते' म्हणून बसले. शुक्रवारी दुपारपर्यंत काम सांगलीच्या प्रेसमध्ये द्यायचं होतं, म्हणजे रविवारच्या बाजारात पोस्टरं भिंतींवर लागली असती. शुक्रवार चुकला की हे मैदान माझ्या हातचं कायमचं गेलं.

साताऱ्याच्या मिलिंदनं मला शब्द दिला होता, "दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम." कराडच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन त्यानं नुकतंच कॉम्प्युटर सेंटर काढलं होतं. मी एकच जादा साडी घेतली, यावरून माझा विश्वास किती होता ते कळेल. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांनी ती साडी बघूनही विचारलंच, "दोन मिनिटांना साडी कशाला?"

मिलिंदचं सेंटर राजवाड्याजवळ, वरच्या मजल्यावर. दाराशी चपला काढायच्या, हातपाय झटकायचे आणि गाभाऱ्यात शिरल्यासारखं गार खोलीत शिरायचं. खिडकीला जाड पडदा, त्यामुळे अजिंक्यताराही दिसेना. मशीनला धूळ चालत नाही म्हणे. आत बसून मी थंडीनं कुडकुडले आणि बाहेर रस्ता उन्हानं भाजत होता.

त्यानं दोन्ही फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथे घातले, एक हिरवट उजेड सरकत गेला आणि पैलवान पडद्यावर उमटले. इथपर्यंत छानच. मग अडचण समोर आली. पोस्टरवर डावीकडचा गडी यजमान गावचा, कारण त्याचं नाव आधी वाचलं जातं. तो म्हणजे हणमंत. उजवीकडे कराडकडचा पैलवान. दोघांनी एकमेकांकडे बघायला हवं. पण दोन्ही फोटोंत दोघंही डावीकडेच बघत होते, म्हणजे हणमंतानं प्रतिस्पर्ध्याला पाठ दाखवली होती.

मिलिंदनं एक बटण दाबलं आणि हणमंत गर्रकन उजवीकडे फिरला. मी बघतच राहिले. हे आधी करायचं तर फोटोग्राफरकडे जाऊन निगेटिव्ह उलटी ठेवून नवी प्रत काढून घ्यावी लागे, त्यात दोन दिवस मोडत आणि तो फोटोग्राफर दहा प्रश्न विचारी ते वेगळेच. इथे कुणी काही विचारलं नाही. मी तर मिलिंदला शाबासकीही दिली, याची आता लाज वाटते.

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यातली बॅटरीची पेटी नुसतीच केकाटायला लागली.

"सेव्ह केलं होतंस का रे?"

"करणारच होतो, मॅडम."

वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मजकूर टाइप केला, तिसऱ्या नंबरच्या जोडीतलं नाव चुकलं, ते सुधारलं, मग सगळ्या ओळी खाली सरकल्या. संध्याकाळी काम उरकलं तर ते एका फ्लॉपीत मावेना. सहा फ्लॉप्यांमध्ये तुकडे करून त्यानं त्यांच्यावर आकडे घातले आणि बजावलं, "यांच्याजवळ लोहचुंबक येऊ देऊ नका." मी म्हटलं, मी लोहचुंबक घेऊन कशाला हिंडेन बाबा? रात्री मावशीकडे राहिले. तिनं निघताना कंदी पेढ्यांचा पुडा दिला, चार दिवसांत माझ्याशी सरळ वागलेली तेवढीच एक वस्तू.

गुरुवारी सांगलीची गाडी धरली. उसाचा हंगाम असल्यानं ट्रॅक्टरांच्या मागून गाडी रखडत चालली होती. कराडला एक गृहस्थ चढले, खांद्यावर लाऊडस्पीकरचा कर्णा आणि हातात त्याचं जडशीळ तोंड.

"आवं ताई, जरा सरकता का? भोंगा ठिवतो हितं."

"त्यात लोहचुंबक असतो का हो?"

"आसतो की. लय ताकदीचा हाय."

मी पिशवी उचलून छातीशी धरली, आणि ते माझ्याकडे आणखी सरकले तशी डोक्यावर घेतली. सगळी गाडी बघायला लागली.

"काय हाय वो त्यात? औषध हाय काय?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"पैलवान आहेत," मी म्हणाले. काय सांगणार दुसरं?

"मग त्यास्नी कशाचं भ्या?"

इस्लामपूरपर्यंत मी पैलवान डोक्यावर घेऊन बसले. तिथं ते गृहस्थ उतरले. उतरताना त्यांनी पिशवीला नमस्कार केला की मला, ते काही समजलं नाही.

सांगलीत उतरलं की हळदीचा वास आधी भेटतो, माणसं नंतर. प्रेसवाले अण्णा शांत माणूस. त्यांनी सहाही फ्लॉप्या एकेक करून घातल्या, भडंगाचा तोबरा भरला आणि पडद्याकडे बोट केलं. दोन्ही पैलवान ठणठणीत होते. पण मजकुराच्या जागी नुसते ठिपके, आकडे आणि चांदण्या. एकही मराठी अक्षर शिल्लक नव्हतं.

"तुमच्या पोराचा फॉन्ट (अक्षरांचा साचा) आमच्याकडं न्हाई," अण्णा म्हणाले. "आमचा येगळा हाय."

म्हणजे एक मराठी साताऱ्याची आणि दुसरी सांगलीची. माझं डोकंच फिरलं. ब्रशनं काढलेली अक्षरं कधी जिल्हा ओलांडताना पुसली गेल्याचं मी ऐकलं नाही. एसटीडी बूथवरून मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "दोन मिनिटं, मॅडम. फॉन्ट फ्लॉपीत घालून उद्याच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो." त्याच्या 'दोन मिनिटं'वर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

अण्णांनी फोटोंचा तेवढा भाग कागदावर काढून दिला. कमिटीची सही लागणार होतीच, ती तरी घेऊन यावी म्हणून मी पलूसकडची गाडी धरली. दुपारी गावात पोचले.

कमिटीचे प्रमुख तात्या मला थेट हणमंताच्या घरी घेऊन गेले. हणमंत पलटणीतून रजेवर आला होता. दोन वर्षांपूर्वी एका कुस्तीत त्याचा गुडघा गेला आणि तेव्हापासून तो गावच्या मैदानात उतरला नव्हता. आता संपला, असं चहाच्या टपरीवर लोक उघड म्हणत. माझ्याकडचा फोटो त्या दुखापतीच्या आधीचा होता. त्यानं कागद हातात घेतला आणि त्याचा चेहरा खुलला.

"लय झ्याक आलाय वो ताई. आरशात बघतोय तसाच हाय की."

तात्यांनी पेन काढलं. तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. म्हातारी वाळलेली, पण नजर कडक. तिनं कप ठेवले, वाकून कागदाकडे बघितलं आणि सरळ उभी राहिली.

"ह्यो माझा हणमा न्हवं."

सगळे हसले. मीही हसले.

"हसताय काय? बैलानं शिंग मारलेली खूण ह्या भुवईवर हाय." तिनं हणमंताच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. "मीच हळद भरली हुती. कागदात त्या भुवईवर कशी गेली?"

तात्यांनी चष्मा लावला. मग त्यांचंही तोंड उतरलं. हणमंताच्या उजव्या दंडाला गंडा (बांधलेला काळा दोरा) होता, तो कागदावर डाव्या दंडात गेला होता. पुरुषाचा गंडा उजव्या दंडात, बाईचा डाव्या.

"ताई, आवं ह्ये काय केलंत? कराडकडची माणसं मैदानात बांगड्या दावतील आमास्नी."

मी कागद हणमंताशेजारी धरून बघितला. मग कळलं की हणमंताला चूक का दिसली नाही. त्यानं स्वतःला जन्मभर आरशातच बघितलं होतं. उलटा फोटोच त्याला सुलटा वाटत होता. मी हे सांगितलं तर तो ओशाळून म्हणाला, "जाऊ दे की आये. पोस्टर चार दिवसाचं. कोण बघतंय एवढं?"

"मी बघते," म्हातारी म्हणाली. "वर्सातनं दोन म्हयनं तू घरात, दहा म्हयनं भितीवर. ती दहा म्हयनं मी परक्याकडं बघत बसू व्हय?"

ती बघत होती तिकडं मी मान वळवली. भिंतीवर हणमंताच्या जुन्या मैदानाचं माझंच पोस्टर होतं, धुरानं पिवळं पडलेलं. मी आजवर समजत होते की माझी पोस्टरं यात्रेनंतर शेळ्या खातात.

मग खल सुरू झाला. फोटो पुन्हा सुलटा करावा तर पैलवान पाठ दाखवतो. दोघांच्या जागा बदलाव्यात तर यजमानाचं नाव दुसरं येतं, ते तात्यांना मेलं तरी चालणार नव्हतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर गंडा पुसून टाकता येईल. हणमंतानं दंडावर हात ठेवला. तो गंडा त्याच्या वस्तादांनी (तालमीतल्या गुरूंनी) बांधलेला होता आणि वस्ताद आता हयात नव्हते. मग तोही विचार मी सोडून दिला. चहा गार झाला.

म्हातारी कप उचलायला आली तेव्हा तिनं आम्हा शहाण्यांकडे एकवार बघितलं.

"माणूस हितं उभा हाय. त्यालाच फिरवून उभा करा की."

आता काय सांगू? स्कॅनर झाला, सहा फ्लॉप्या झाल्या, तीन एसट्या झाल्या. चालता बोलता माणूस समोर असताना त्याला 'जरा उजवीकडे बघ' म्हणायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

हणमंत मात्र कचरला. "आये, आता गुडघ्याला पट्टा हाय. समद्यास्नी दिसंल."

"दिसू दे. मैदानात काय गुडघा घरी ठिवून लढणार हाईस? हार न्हाईतर जीत, पोस्टर तुझं पायजे."

पलूसहून फोटोग्राफर लुनावर आला. घराच्या भिंतीपुढे हणमंत उभा राहिला, उजवीकडे तोंड करून, पट्ट्यासकट. तीन फोटो झाले आणि मी रोल मागितला, तर फोटोग्राफर म्हणाला, "रोल संपल्याबिगार काढत न्हाई, ताई. वाया जातो." त्यात अजून अकरा फोटो बाकी होते. मग कमिटी ओळीनं उभी राहिली. तात्यांनी फेटा बांधून तीन काढले, एक बसून, दोन उभ्यानं. एकानं म्हैस आणली. सांगलीची शेवटची गाडी निघायला थोडाच वेळ होता आणि मी म्हशीला 'इकडे बघ' म्हणत होते.

शुक्रवारी सकाळी सांगलीच्या स्टँडवर कंडक्टरनं फॉन्टची फ्लॉपी माझ्या हातात दिली. रोल धुऊन घेतला, अण्णांच्या स्कॅनरवर नवा फोटो घातला आणि अण्णांनी जुना हणमंत उचलून त्याच जागी नवा बसवला. चांदण्यांची अक्षरं झाली. एक ओळ हलली नाही, एक नाव सांडलं नाही. मी घड्याळ बघत होते. खरोखर दोन मिनिटं लागली. हातानं करायचं असतं तर हाच एक फोटो उचकटताना निम्मा पुठ्ठा सोलला असता आणि शुक्रवार काही मला गाठता आला नसता. हे मी मिलिंदला सांगणार नाही, पण लिहून ठेवते.

मग अण्णांना म्हटलं, अक्षरं काढून नुसता हणमंत एका जाड कागदावर द्या. त्यालाही दोनच मिनिटं लागली.

शनिवारी पोस्टरांचे गठ्ठे एसटीत टाकून मी वाट वाकडी करून गावात गेले. तात्यांनी पोस्टर उलगडून खालपासून वरपर्यंत वाचलं आणि "आता पुढच्या वर्सी बी तुमीच करा" असं म्हणून गठ्ठे ताब्यात घेतले. हणमंत तालमीत गेला होता. त्याच्या आईनं पिठलं-भाकरी वाढली, आणि असा खर्डा, की माझे डोळे वाहायला लागले. जेवण झाल्यावर मी तो जाड कागद तिला दिला. तिनं पदराला हात पुसले, कागद दारातल्या उजेडात धरला, भुवईवर बोट ठेवलं, मग दंडावर, मग गुडघ्यावरच्या पट्ट्यावर.

"व्हय. ह्योच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "लय तरास झाला न्हवं तुमास्नी?"

"नाही हो," मी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम होतं."

संध्याकाळी वाईला पोचले. अंगावर पहिल्या दिवशीचीच साडी होती, दुसरीला खर्डा लागला होता. ह्यांनी पिशवी घेतली आणि कागद चाळायला लागले. त्यात गुरुवारचा तो पहिला कागदही होता, सही न झालेला.

"वा, फोटो छान आलाय की हणमंताचा," ते म्हणाले.

बुधवारी मीही हेच म्हटलं होतं. कागद हातात घेऊन मी त्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवई, दंड, सगळं नीटस आणि तरी कुणीतरी अनोळखी माणूस.

"हा तो नव्हे," मी म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.