ब्रेकताई आणि मोठ्या जाऊबाई

गाडी शिकवण्याच्या शाळेत तिला सगळे ब्रेकताई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, आणि तिचा पाय त्यावर पडायला फारसं कारण लागत नसे. जीभही तशीच चपळ. म्हणून रोज सकाळी घरून निघण्याआधी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून डोळे मिटायची. "प्रभू, आज तुला काय हवंय ते सांग, आणि तेवढं माझ्याकडून करून घे."

कधी मनात यायचं, शेजारीण आजारी आहे, डोकावून ये. कधी यायचं, काल शाळेच्या मालकांना तोडून बोललीस, माफी माग. ती नाक मुरडायची, पण करायची.

"तुझा देव तुला बरी कामं लावतो!" नवरा म्हणायचा.

"तुलाही लावतो. तू ऐकत नाहीस."

एका रविवारी उपासना संपल्यावर मोठ्या जाऊबाईंनी तिला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. साठी ओलांडलेल्या, चापूनचोपून बांधलेले केस, आणि बोलणं त्याहून चोख. 'बाईमाणसाला शोभतं का हे काम,' असं त्या ताईच्या लग्नापासून म्हणत आल्या होत्या. पण आता मोठ्या दिरांचे गुडघे कामातून गेले होते आणि गाडी दारात धूळ खात होती.

"मला गाडी शिकायचीय. तू शिकव."

"आमच्याकडे दुसरे एक सर आहेत, फार शांत आहेत हो," ताई घाईघाईने म्हणाली.

"परक्या माणसापुढे माझी फजिती? नको."

दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून ताईने देवाला भरपूर सबबी सांगितल्या. वेळ नाही, त्यांचं वय झालंय, आमचं पटत नाही. सगळं सांगून झाल्यावर मनात एकच गोष्ट उरली: शिकव. "बरं," ती म्हणाली, "पण मग तूही गाडीत बस."

जाऊबाई स्टिअरिंग असं आवळून धरायच्या, जणू कुणी ते पळवून नेणार आहे. गिअर बदलताना नजर गिअरवर, आणि गाडी निघायची फुटपाथकडे. ताई ओठ मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायची. देवाला रोज सकाळी नव्याने 'हो' म्हणावं लागे. कालचं आज पुरत नसे.

एकदा चौकात सिग्नलला थांबताना गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा गोंगाट, आणि ताईचा तोल सुटला. "अहो, क्लच! क्लच! डोकं घरी ठेवून आलात का?"

जाऊबाईंनी शांतपणे पट्टा सोडला, दार उघडलं आणि चालू लागल्या.

ताईने गाडी कडेला लावली. राग मावळला नव्हता, पण काय करायचं ते लख्ख कळत होतं. धावत जाऊन तिने त्यांना बेकरीसमोर गाठलं.

"चुकलं माझं. असं बोलायला नको होतं."

"एवढा त्रास होतो तर शिकवतेस कशाला?"

"देवाने सांगितलं म्हणून."

"म्हणजे तुला स्वतःला नव्हतं शिकवायचं?"

"अजिबात नाही," ताईच्या तोंडून निघून गेलं.

जाऊबाईंना असं हसू फुटलं की बेकरीच्या कठड्याला टेकावं लागलं. "अगं, मला तरी कुठे तुझ्याकडे यायचं होतं! किती दिवस त्याच्याशी भांडत होते, दुसरी कुणी दाखव म्हणून."

दोघी इतक्या हसल्या की बेकरीवाला बाहेर येऊन बघून गेला. मग त्या गाडीत बसल्या, आणि जाऊबाईंनी क्लच नीट दाबला.

परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या ("त्या साहेबांनाच घाई होती," असं त्यांचं म्हणणं), पुढच्या खेपेला पास. दिरांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला मागच्या सीटवर बसवून घेतलं.

"जरा वेग वाढव, चालणारी माणसं पुढे जातायत," दीर म्हणाले.

"मग उतरा आणि चाला त्यांच्याबरोबर."

दिरांना दवाखान्याच्या दारात सोडल्यावर जाऊबाई मागे वळल्या. "ऐक ना, माझ्या धाकट्या बहिणीलाही शिकायचंय. स्वभावाने मात्र माझ्यापेक्षा तिखट आहे हं."

ताई म्हणाली, "उद्या सकाळी विचारून सांगते."