मायलिन, नागलीची भाकरी आणि सुमनचा उजवा डोळा

गुरुवारी संध्याकाळी सुमनचा फोन आला, "डोळा झकास गं! गोळ्या परवाच बंद केल्या." त्या गोळ्या अशा मध्येच तोडायच्या नसतात, म्हणून शुक्रवारी पहाटे मी पुण्याहून निघाले. सुमन माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता जव्हारला शिक्षिका, घर मोखाड्याजवळ पोशेऱ्याला. महिन्यापूर्वी तिचा उजवा डोळा धूसर झाला होता, लाल रंग फिका दिसायचा; नाशिकच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हारची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. मोखाड्यात उतरून गरम भजी खाऊन घ्या, कारण पोशेऱ्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही. आमची भरली होती, तरी चालक म्हणे, "सरका जरा, अजून तिघं बसतात!" बसलेही. मार्चमध्ये या रस्त्याला मोहाच्या फुलांचा वास असतो. नुसत्या त्याच्यासाठीही या.

डोळ्यामुळे रजेवर असलेली सुमन आईबरोबर राबावर होती. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजायची जागा: शेण, डहाळ्या, गवत आणि सगळ्यात वर माती.

"बंद का केल्यास?"

"तोंड सुजतं, झोप येत नाही. आणि तूच म्हणालीस ना, मायलिन परत येतं?"

म्हणाले होते खरी. मी प्रयोगशाळेत मायलिनची प्रथिनं वेगळी करते, म्हणून फोनवर शहाणपणा पाजळला होता. चूक माझीच. मग दोघींना नीट सांगितलं. मेंदूतल्या आणि डोळ्याच्या नसेतल्या तंतूंभोवती मायलिनचे चरबीदार थर गुंडाळलेले असतात, एमबीपी नावाचं प्रथिन ते आतून चिकटवून धरतं. एमओजी हे दुसरं प्रथिन मात्र सगळ्यात बाहेरच्या थरावर बसतं, म्हणून शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात तेच आधी सापडतं. सुमनच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं निघाली होती. गोळ्या तो हल्ला दाबतात, त्या हळूहळूच कमी करायच्या असतात.

आई माती पसरत ऐकत होत्या. "मंग गोली म्हंजे ही माती," त्या सुमनला म्हणाल्या. "धूर सरला म्हणून माती कोण काढतं का? वारा आग उचलंल."

प्रयोगशाळेतल्या सहा वर्षांत मला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. टेकडीवर रेंज मिळाली, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच गोळी सुरू करा, उद्या नाशिकला या. रात्री नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची चटणी. जेवल्यावर सुमननं गोळी घेतली.

शनिवारी दवाखान्यात डोळा तपासला. नशीब, नवीन इजा नव्हती. डॉक्टर तडकले, "बंद करायला कुणी सांगितलं?"

सुमननं माझ्याकडे पाहिलंही नाही. "कुणी नाही. मीच आगाऊपणा केला."

मी, प्रथिनांची तज्ज्ञ, शेजारी गप्प बसले.

पुण्यापर्यंत लाज वाटत राहिली. घाट, मोह, भाकरी सगळं छानच होतं, पण सोबत आलं ते सुमनचं ते वाक्य. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या "कुणी सांगितलं?"चं उत्तर म्हणून माझं नाव सांगितलं.