काचेतली सनद

आमच्या व्याह्यांच्या कागलच्या घरी दसऱ्याला शस्त्रांशेजारी एक कागद पुजतात. काचेत मढवलेला, मोडीतला. पूर्वजाच्या इमानदारीबद्दल राजाने दिलेली ती सनद, असं चार पिढ्या सांगत आल्या. वाचली मात्र कोणीच नव्हती. मी कोल्हापुरात लोकांना जुने मोडी कागद वाचून देतो. यंदा त्यांनी तो मजकूर कोरून दारावर संगमरवरी पाटी बसवायचं ठरवलं आणि मला बोलावणं आलं.

माजघरात भाऊबंद दाटीवाटीने बसलेले, जावई मोबाईल रोखून समोर. दुसऱ्याच ओळीला मी थांबलो आणि पुढचं मनातच वाचलं. सनद कसली, तो कबुलीजबाब होता. राजा धर्म बुडवतो म्हणून काही पुजाऱ्यांनी देवीपुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि त्याच्या मरणासाठी चोरून होम मांडला. होमात टाकायला राजाच्या उपरण्याचा तुकडा कापून आणला तो या घराच्या मूळपुरुषाने, आणि तो राजाचाच हुजऱ्या! पुजाऱ्यांच्या स्वयंपाकाला असलेल्या आचाऱ्याने बिंग फोडलं. राजाला साधी शिंकही आली नाही, हे मात्र पकडले गेले. जीव वाचवावा अशी गयावया करून मूळपुरुषाने खाली निशाणी केली होती.

"पावणं, थांबला का? मोठ्यानं वाचा की," व्याही म्हणाले.

उठून जावं तर दारापर्यंत माणसं. चष्मा विसरलो म्हणावं तर तो नाकावर. आजवर कुणाच्या कागदातली एक मात्रा इकडची तिकडे केली नाही, याची मला केवढी घमेंड! पण लेक या घरात नांदत होती. मी खोटं वाचलं. राजाची मर्जी, वंशपरंपरेचा मान, काय काय सुचत गेलं. माझीच मला लाज वाटत होती. व्याह्यांचे डोळे भरून आले. हेच लिहून खाली सही करून द्या, म्हणाले. मी दिली.

निघताना लेक पायरीपर्यंत आली. तिला मोडी मीच शिकवली होती, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बाबा, मी लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला तो वाचला," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हापासून दरवर्षी त्याला कुंकू वाहतेय. सुनेनं सांगून कोण ऐकणार? तुम्ही तरी खरं सांगाल, म्हणून मीच तुमचं नाव सुचवलं होतं."