दाराजवळची वेल

काम सुरू करण्याआधी ते भिंतीवर तळहात टेकवत, ताप बघावा तसा. डोळे मिटून जरा वेळ उभे राहत आणि म्हणत, "थांबा सर, आदी भिंतीला इचारू."

"काय म्हणते भिंत?" माझ्या बायकोने हसत विचारलं.

"अजून वल्ली हाये म्हनती. आठ दिस दम खा."

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जुन्नरचे. उभी हयात टेम्पोंवर आणि दुकानांच्या पाट्यांवर फुलं, मोर रंगवण्यात गेली. पुढे स्टिकर आले, ते काम संपलं, तेव्हा चाचा भिंतींना कागद लावू लागले.

कळंबला आम्ही घर बांधलं. बैठकीच्या खोलीला मला जुन्या विलायती घरांतला, लाकडी ठशांनी छापत त्या काळचा नमुना हवा होता: गर्द निळ्यावर डाळिंबाची फुलं आणि वळत जाणारी वेल. तो कागद पुण्याहून आणला. चाचांनी जमिनीवर उलगडला आणि बराच वेळ शेजारी उकिडवे बसून राहिले. "ज्यानं काढलं त्यानं झाड बघितलंय, सर. हितं बघा, पान मागनं फिकं हाये."

दोन पट्ट्यांमधला सांधा ते असा जुळवत, की शोधूनही सापडू नये. पण माझं माप चुकलं होतं. दाराजवळ दोन हात भिंत उघडी राहिली, आणि दुकानातला तो कागद संपलेला. वास्तुशांत चार दिवसांवर. मी चाचांवरच चिडलो. दुसऱ्या दिवशी ते रंग आणि बारीक ब्रश घेऊन आले, कोरा कागद डकवला आणि तीन दिवस स्टुलावर बसून उरलेली वेल हाताने काढली. छापील कुठे संपतं नि त्यांचं कुठे सुरू होतं, हे मला आजही बोट ठेवून सांगता येत नाही.

वास्तुशांतीला पुण्याहून साडू आले होते. नेमके त्याच भिंतीपुढे थांबले. "कुणी केलं हो हे?"

चाचा दारातच उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात खजुराचं खोकं. मला ते दिसले होते. तरी मी म्हणालो, "पुण्याचा डिझायनर बोलावला होता."

तुम्ही म्हणाल, निघून गेलं असेल तोंडातून. तसं नाही. साडूंसमोर टेम्पो रंगवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवायची मला लाज वाटली.

साडू दाराकडे वळले. "काय पावणं, आहे की नाही काम?"

"व्हय जी," चाचा म्हणाले. "पुन्याची मानसं लई बारीक काम करत्यात."

खोकं बायकोच्या हातात देऊन ते निघाले. पंगत अजून बसायची होती. मी त्यांना थांबवलं नाही.

नंतर जुन्नरच्या बाजारात ते दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी गल्ली बदलली. माफी मागायचा धीर यायला वर्ष गेलं.

घर शोधत गेलो, तर दारात त्यांची सून आली. चाचा जाऊन दीड महिना झाला होता. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

"कळंबचे सर व्हय तुमी? अब्बा लई सांगायचे. सरांनी समद्या पावन्यांम्होरं माजं नाव घेतलं, शेजारी बसवून जेवू घातलं, म्हनायचे."

तिने खुर्ची दिली, चहा आणला.

"जेवाया काय केलं व्हतं, तेबी सांगितलं व्हतं त्यांनी. मीच इसरले. काय व्हतं वो?"

"पुरणपोळी," मी म्हणालो.