शिमग्याचे बोंबील

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा विषय चोरीला गेला. अर्नाळ्याच्या बंदरावर जे बोंबील उतरतात त्यांत पिल्लं किती असतात, हे मला प्रोजेक्टसाठी मोजायचं होतं. आम्ही तिथलेच. वडील बोटीवर जातात, आई मासळी विकते. मोठ्या उत्साहानं मी हे कँटीनमध्ये मैत्रिणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब गाईड मॅडमच्या केबिनमध्ये हजर! मी पोचले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अगं, हा विषय हिनं घेतला. तू तळ्यातल्या किड्यांचं बघ." मॅडमना परीक्षेनंतर मासळीच्याच कामावर एक मुलगी ठेवायची होती. म्हणजे विषयाबरोबर माझी नोकरीही गेली. आणि ही विरारच्या टॉवरमधली! बोंबील तिनं पाहिलेला तो ताटात, रवा लावून तळलेला.

मी भांडले नाही. तोंडभर हसून तिचं अभिनंदन केलं आणि मनात म्हटलं, थांब भवाने.

होळी झाली, स्टडी लीव्ह लागली. कॉलेज ओस पडलं. दुपारी वारासुद्धा हलत नव्हता, पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. माझे किडे कधीच मोजून झाले होते, त्यामुळे बसल्या बसल्या तिच्यावर जळण्याखेरीज मला काम नव्हतं. आणि तीच आली घरी, लॅपटॉप घेऊन. परीक्षेआधी बाहेरच्या परीक्षकांसमोर प्रोजेक्ट सांगायचं असतं, त्याची तिला तालीम करायची होती.

आईनं तिला पोटभर जेवू घातलं. मग हिनं आलेख उघडला. म्हणे, "महिनाभर रोज पहाटे बंदरावर गेले." रोज कसली, चार-दोन वेळा नाक दाबून आली होती, बाकी सगळं घरी बसून ठोकलेलं. आणि आलेखाचं सगळ्यात उंच टोक कुठे? ऐन होळीच्या दिवशी! अहो, शिमग्याला आमची एकही बोट दर्यात जात नाही. बोटी किनाऱ्याला लागतात, धुऊन-पुसून पताका लागतात, पूजा होते, नाच होतात. त्या दिवशी बंदरावर मांजरंसुद्धा उपाशी. आणि हिच्या आलेखात बोंबलांचा ढीग!

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"एक नंबर," मी म्हटलं.

आमच्याकडे प्रोजेक्ट सांगून झालं की वर्गातल्या कुणीतरी प्रश्न विचारावा लागतो. अर्थात सगळं आधीच ठरलेलं. मैत्रिणीनं सोपा प्रश्न विचारायचा, उत्तर पाठ. बोंबलात एवढं पाणी का असतं, हा तिनं मला दिलेला प्रश्न.

परीक्षक आले त्या दिवशी ती झकास बोलली. परीक्षक माना डोलावत होते, मॅडमचा चेहरा फुललेला. "कुणाला काही विचारायचंय?" मी उठले. ती माझ्याकडे बघून हसली.

"होळीच्या दिवशी अर्नाळ्याची एकही बोट समुद्रात जात नाही. मग हे बोंबील कुणी आणले?"

ती हसतच राहिली, मग हळूहळू तिचं तोंड मिटलं. परीक्षकांनी आलेख परत लावायला सांगितला. मॅडमनी विचारलं, "बंदरावर गेली होतीस का तू?" ती रडायलाच लागली. मला इतकं गार गार वाटलं म्हणून सांगू! प्रोजेक्ट नामंजूर झालं.

बाहेर तिनं मला गाठलं. "तुला माहीत होतं. घरी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की काय होतं ते बघितलंय मी," म्हटलं आणि चालू लागले.

संध्याकाळी मॅडमचा फोन. परीक्षेनंतर तो विषय आणि ती जागा, दोन्ही मी घेईन का? नाचावंसं वाटत होतं, पण म्हटलं, "विचार करून सांगते." राहू दे त्यांनाही जरा टांगलेलं. मला न विचारता तळ्यावर धाडलं होतं ना? सकाळी त्यांनी पुन्हा फोन केला, तेव्हा हो म्हटलं.

फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला सवयीनं तिचाच नंबर लावला. वाजायच्या आत कापला. मग असला राग आला स्वतःचा, की तिचा नंबरच उडवून टाकला. काय उपयोग? पाठ आहे मला तो.