गच्चीवरचा वड

अप्पांच्या मुलाचा, राजूचा फोन आला तेव्हा मी माजलगावच्या मोंढ्यात होतो. तुरीची पोती काट्यावर चढत होती आणि त्या गलक्यात त्याचं बोलणं नीट ऐकू येईना. "काका, अप्पा गेले," तो पुन्हा म्हणाला, आणि हमालांचा आवाज एकदम लांब गेल्यासारखा झाला. पाटोद्याला पोचलो तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणं अप्पांना कपाळभर विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं होतं. डोळे मिटलेले, हात मांडीवर. एखादं झाड बघता बघता डुलकी लागली असावी असं दिसत होतं... या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

विश्वनाथअप्पा आणि मी बीडला एका खोलीत राहून शिकलो. पुढं मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात लागलो आणि ते वडलांच्या कापडदुकानात बसले. लग्नसराईचा माल आणायला म्हणून ते एकदा पुण्याला गेले आणि तिथल्या एका प्रदर्शनात त्यांनी ताटाएवढ्या कुंडीत उभं असलेलं चिंचेचं झाड पाहिलं. ते झाड घडवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. अप्पा त्यांच्या दारात जाऊन बसले, शिकवा म्हणाले. परत आले ते साड्यांचे गठ्ठे न घेताच. एक कात्री आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढाच माल. वडील महिनाभर बोलले नाहीत.

वड त्यांना नेकनूरच्या एका पडक्या विहिरीत सापडला. दगडाच्या फटीत, ना माती ना पाणी, वर्षानुवर्षं तसाच अडकून राहिलेला. स्वतःच्या कंबरेला दोर बांधला, त्याचं टोक मला वर धरायला लावलं आणि ते आत उतरले. त्याला रूप यायला अर्धं आयुष्य गेलं. मुळ्या कापायच्या, तारेनं फांदी वळवायची, आणि मग वर्ष-वर्ष नुसती वाट बघायची. गच्चीवर कुणी आलं की ते पाहुण्याला आधी खाली बसवत. "उभ्यानं बघितलं तर ते कुंडीतलं रोप दिसतं. खाली बस, मग झाड दिसंल." मग म्हणायचे, आधी मुळं बघ, मग खोड, मग फांद्या. पानं शेवटी. "पानं लबाड असतेत बे. आतनं झाड मेलं तरी हिरवी राहतेत."

मी एकदा भांडलोही होतो. चांगल्या झाडाला असं खुजं का करून ठेवतोस म्हणून. ते रागावले नाहीत. "मी खुजं केलं न्हाई, ते विहिरीतच तसं झालतं. मी फक्त त्याला मरू दिलं न्हाई," एवढंच म्हणाले.

त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या डोंगरपट्ट्यात अशी दुष्काळानं घडवलेली झाडं जागोजागी आहेत, ती शहरात विकली तर बायांना घरबसल्या काम मिळेल. सहकारी संस्था काढली. रुक्मिणबाई नावाच्या धिप्पाड, बोलक्या बाईला अध्यक्ष केलं. शेडनेट उभं राहिलं, वड, पिंपळ, उंबराच्या कुंड्या रांगेनं लागल्या. पहिली गाडी पुण्याला गेली त्या दिवशी अप्पांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. संस्थेची विहीर आटली. गावाला टँकर सुरू झाला आणि त्यातल्या चार घागरी झाडांना जातात यावरून बैठकीत आरडाओरडा झाला. एक तरुण उठून म्हणाला, "आमच्या म्हशी खुंट्याला मरायल्या आन् तुमी शोभेच्या झाडांना पाणी घालता?" रुक्मिणबाई त्याच्या अंगावर धावून गेल्या. अप्पांनी त्यांना थांबवलं. "पोरगं खरं बोलतंय, बाई. उद्यापासून झाडांचं पाणी बंद." उंबर आधी गेले, पिंपळ मागून. अप्पा रोज शेडमध्ये जाऊन उभे राहत. हात लावत नसत.

घरचा वड तेवढा राहिला होता. शकुंतलावहिनी तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घालत. पुढं बोअरही बंद पडली. तेव्हा आमच्या साखर कारखान्याचे माजलगावचे एक संचालक, ज्यांनी तो वड मागं पाहिला होता, स्वतः गाडी घेऊन आले. "माझ्याकडं ठेवा अप्पा, बंगल्याला अजून पाणी हाय. पाऊस पडला की घेऊन जा." वहिनींनी वडाला हळदकुंकू लावून निरोप दिला. अप्पा गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे होते.

दोन महिन्यांनी मीच त्यांना बंगल्यावर घेऊन गेलो. वड व्हरांड्यात मानाच्या जागी ठेवला होता. पानं हिरवीगार. माळी हौसेनं सांगू लागला, "तुमचं झाड म्हणून लई जपलं. मुरूम काढून उसाच्या रानातली काळी माती भरली. सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी घालतो." अप्पा वडापुढं खाली बसले. पानांकडं त्यांनी बघितलंच नाही. मातीत बोट खुपसलं, वास घेतला, मग खोड हलकेच हलवलं. ते बुडातून डुलायला लागलं. मुळं सगळी कुजली होती. माळ्याचा चेहरा उतरला तेव्हा अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी चूक न्हाई. पाणी लई झालं, एवढंच." अख्खा तालुका तहानलेला असताना ते वाक्य ऐकणं... मी गाडीकडं निघून गेलो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. रुक्मिणबाई येऊन म्हणाल्या, परत सुरू करू. अप्पा फक्त न्हाई म्हणाले. संस्था कागदावर राहिली, मग तिथूनही गेली. पुढची सगळी वर्षं अप्पांनी दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. गच्चीचा दरवाजा उघडला नाही.

परवा पुन्हा गेलो तेव्हा वहिनींनी त्यांची गोधडी आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, शेवटच्या आजारात त्यांना शुद्ध नव्हती, पण बोटं सारखी गोधडीच्या काठावरून फिरत, निघालेला दोरा नखात धरून तोडत. राजूला वाटलं, तापातलं चाळवणं असेल. मला मात्र ते ओळखू आलं. नवा कोंब फुटला की दोन पानं ठेवून शेंडा असाच खुडतात, नाहीतर फांदी हाताबाहेर जाते. गोधडीचे तीन काठ खुडून झाले होते. चौथ्यावर दोरे तसेच वर आलेले होते.

"धुऊन टाकू का हो?" वहिनींनी विचारलं.

मी त्या काठावरून हात फिरवत राहिलो.