डॉरिस टीचर आणि मोठं बुक

डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर डॉरिस टीचरांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. एकसष्ट साली सहा मशिनांवर सुरू केलेली. गिरणीचं पीठ जिन्यावरून वर चढायचं आणि मशिनांवर बसायचं. रोज सकाळी सात वाजता टीचर जुन्या दाढीच्या ब्रशने ते झाडायच्या आणि मगच पहिल्या बॅचला आत घ्यायच्या. मुलं टायपिंग करत असताना त्या पाठमोऱ्या उभ्या राहून खिडकीबाहेर बघत असत. चूक त्यांना कानांनी कळायची. "तिसरं मशीन, डाव्या हाताची अनामिका आळशी झालीय," असं त्या मान न वळवता म्हणायच्या आणि तिसऱ्या मशिनावरची मुलगी दचकायची. डोंबिवलीतल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली.

अशा बाईला स्वतःच्या घरातलं एक इंग्रजी पुस्तक साठ वर्षं वाचता आलं नाही. ते वाचायचं असतं हे त्यांना सुचलंसुद्धा नाही. हसण्याआधी कसं ते बघा.

घर ठाण्यात, उथळसरला. कौलारू, अंगणात दगडी क्रूस. घरातल्या कपाटात वरच्या फळीवर ते पुस्तक असायचं. सगळं घर त्याला मोठं बुक म्हणायचं. चामड्याच्या पुठ्ठ्याची बांधणी, एका बाजूला पितळी कडी, वजन एखाद्या पाट्यासारखं. टीचरांचे आजोबा पेद्रू हे कल्याणला रेल्वेच्या गोऱ्या इंजिनियरकडे बटलर होते. साहेब मायदेशी निघाला तेव्हा खुर्च्या, घड्याळं, कपबशा सगळं लिलावात गेलं. हे बुक मात्र कुणी उचललं नाही. सुरुवातीची पानं गेलेली, कोण घेणार? साहेब म्हणाला, तू ठेव. आजोबांनी ते डोक्यावर घेऊन घरी आणलं.

आत जाड, काळी, टोकदार अक्षरं, एका पानावर दोन रांगा. मधूनमधून चित्रं. बरीचशी माणसं घोड्यांवरून कुठेतरी निघालेली. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. हे तीन राजे आणि त्यांची मंडळी, बाळ येशूला बघायला बेथलेहेमला निघालीत. त्यात घोड्यावर एक जाडजूड बाई होती, ती सांत आना, मारियेची आई. झालं. एवढं जाड, एवढं जुनं, गोऱ्या माणसाच्या घरचं पुस्तक म्हणजे बायबलच, आणि न कळणारी भाषा म्हणजे लॅटिनच. त्या काळी चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, पूर्ण लॅटिनमध्ये व्हायची. कुणाला अक्षर कळायचं नाही आणि कळायला हवं असा कुणाचा हट्टही नव्हता. पवित्र गोष्ट कळत नाही, हे धरूनच चालायचं. मग टीचरांनी तरी लहानपणी ते पान वाचून का बघावं?

बुक वर्षातून एक-दोनदाच खाली यायचं. घरात मूल झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर त्याचं नाव. लग्न ठरलं की नवरानवरी त्यावर हात ठेवणार. आणि शपथ घ्यायची असेल तर. अशीच एक शपथ सदुसष्ट साली घेतली गेली. बापाने घर एकट्या मुलाच्या, म्हणजे टीचरांचा धाकटा भाऊ रुडॉल्फ याच्या नावावर केलेलं. आई सुझाना शेवटच्या आजारात होती. तिने बुक खाटेवर मागवलं, रुडॉल्फचा हात त्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, "बाय जिती असेस्तोवर हे घर विकणार नाय." बाय म्हणजे डॉरिस. तिने लग्न केलेलं नव्हतं. तिच्या डोक्यावरच्या छपराला एवढाच काय तो आधार. कागद नाही, साक्षीदार नाही. एक हात आणि एक पुस्तक.

चोवीस वर्षं ते पुरलं.

एक्याण्णव साली आजूबाजूची घरं पडून चारचार मजले उभे राहायला लागले. रुडॉल्फ कल्याणच्या लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेला, बायको गेलेली, मुलगा वसईला. बिल्डरचा माणूस नाथा दर रविवारी यायचा, अंगणात क्रूसाला पाठ लावून बसायचा आणि चहा प्यायचा.

"अंकल, तुम्ही वसईला पोराकडे आरामात राहाल. आँटीला दिवा स्टेशनजवळ रूम घेऊन देऊ."

"दिव्याला नळाला पाणी येतं?" टीचर स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"टँकर येतो ना, आँटी."

"मग टँकरलाच दे रूम."

रुडॉल्फ मात्र गुळमुळीत. म्हणायचा, "माझा हात बांधलेला हाय. मोठ्या बुकावर ठेवलेला हात हाय तो." आणि नाथा मान हलवून निघून जायचा, पुढच्या रविवारी परत यायला.

त्या वर्षी कपाटाला वाळवी लागली. टीचरांनी बुक काढलं तर पाठीच्या चामड्यात मातीची रेघ. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यांनी ते डोंबिवलीला नेलं. परशुराम वर्तक नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी कल्याणच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. टायपिंगच्या परीक्षेत तीनदा नापास, पण माणूस सज्जन. कॉलेजच्या लायब्ररीला चांगला बाइंडर असणार, म्हणून त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

वर्तकने अभ्रा सोडला, कडी काढली, मधलंच एक पान उघडलं आणि खुर्चीवर बसला. मग उठला. मग परत बसला.

"टीचर, हे कुठून आणलंत?"

"घरचं बायबल आहे. वाळवी लागलीय, बाइंडर सांग."

"टीचर, हे बायबल नाहीये."

"लॅटिन आहे, तुला नाही येणार."

"लॅटिन नाही, इंग्रजी आहे. जुनं इंग्रजी. इंग्लंडमधल्या एका जुन्या कवीचं सगळं काव्य आहे हे. कवी सहाशे वर्षांपूर्वीचा, हे छापलंय चारशे वर्षांपूर्वी. अशा फार थोड्या प्रती उरल्यात, टीचर! आणि ही उथळसरला? कपाटात?"

टीचरांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने सगळी ओळच चुकीच्या रांगेतल्या अक्षरांवर मारली.

"हे घोड्यावरचे लोक कोण?"

"वाटसरू. एकमेकांना गोष्टी सांगत चाललेत."

"आणि ही? सांत आना?"

"ती... पण वाटसरूच. बोलघेवडी आहे जरा."

"वाच," टीचर म्हणाल्या.

तो वाचायला लागला, त्या काळच्या उच्चारांत, घोगरं घोगरं. त्यांना दहातला एखादा शब्द लागत होता. चौथ्या ओळीला वर्तक अडखळला, सहाव्याला त्याचे कान लाल झाले, आणि तो घाईघाईने दहा पानं पुढे गेला.

"मधलं का सोडलंस?"

"ते... प्रत फाटलीय तिथे."

पान धड होतं. टीचरांना दिसत होतं.

त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी बुक परत फळीवर ठेवलं आणि मेणबत्ती लावायला हात पुढे केला, दर शुक्रवारी लावायच्या तशी. हात तिथेच थांबला. लावायची कुणाला? इतकी वर्षं त्या बोलघेवड्या बाईसमोर गुडघे टेकले, ती प्रार्थना कुठे गेली? घरातली सगळी नावं एका गोष्टींच्या पुस्तकात लिहिलीत, तर बाप्तिस्मे झाले की नाही? ते झाले, चर्चमध्ये झाले, एवढं त्यांना कळत होतं. तरी डोक्यातला गोंधळ हटेना. आणि सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट: रुडॉल्फला कळलं, तर हात सुटला. हात सुटला की घर गेलं.

गप्प बसावं? बसता आलं असतं. वर्तकला एका शब्दाने तंबी दिली असती तर तो मेल्यावरही बोलला नसता. आठवडाभर त्या गप्पच होत्या. सोमवारी त्यांनी पाचव्या मशीनची चूक तिसऱ्या मशीनच्या माथी मारली. बुधवारी स्वतःच्या पत्रात एका ओळीत दोन चुका केल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. टीचरांना स्वतःचा संताप आला. साठी उलटलेली बाई, चुकलेलं अक्षर खोडरबराने पुसू नका म्हणून तीस वर्षं पोरांना झापणारी, आणि आता स्वतः काय करतेय?

रविवारी जेवणं झाली. त्यांनी बुक काढून टेबलावर रुडॉल्फसमोर ठेवलं.

"रुडी, हे बायबल नाय."

"म्हणजे?"

"गोष्टींचं पुस्तक आहे. इंग्लंडच्या कुणा कवीचं. प्रोफेसरने बघितलं."

रुडॉल्फने हात पुसला, बुकाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. "मग मी आईसमोर हात ठेवला तो कशावर?"

"गोष्टींवर."

"देवाच्या?"

"नाय रे. त्यातल्या काही वाचताना प्रोफेसरचे कान लाल झाले."

रुडॉल्फ एकदम उभा राहिला. टीचरांना वाटलं, आता हा हसणार, नाथाला निरोप पाठवणार, आणि आपण दिव्याच्या टँकरसमोर हंडा घेऊन उभ्या राहणार. पण त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"अगो बाय, हे काय केलंस तू! आताच का सांगितलंस?"

"का?"

"मी फादरकडे गेलेलो. दोनदा गेलेलो." तो खुर्चीवर कोसळला. "नाथा बोलला, शपथ सोडवून घ्या. फादर बोलला, देवाला दिलेला शब्द हाय, कारण बघून मोकळा करता येतो. म्हणाला, पुढच्या रविवारी ये. आज चार वाजता जायचं होतं."

टीचरांनी घड्याळाकडे बघितलं. म्हणजे बुक बायबल असतं, तर आज चार वाजता घर गेलं असतं?

"मग जा की," त्या म्हणाल्या. "चार वाजता जा."

"जाऊन काय सांगू? देवाला दिलेला शब्द फादर सोडवेल. हा कुणाला दिला? ह्या घोड्यावरच्या लोकांना? ती माणसं मेली की जिती, क्रिस्तांव की नाय, मना काय माहीत! कुणाची माफी मागू, सांग ना!"

"मला काय विचारतोस? मी टायपिंग शिकवते."

रुडॉल्फ गेला खरा चार वाजता. साडेपाचला परत आला, आणखी गोंधळून. फादरही तरुण माणूस, असा मामला त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आलेला. ते म्हणाले, शपथ देवासमोरच झाली असं धरता येईल. मग म्हणाले, पण हाताखाली काय होतं हेच माहीत नसेल तर ती झाली का. मग बराच वेळ डोकं खाजवून म्हणाले, बिशपना लिहून विचारतो. तोवर जैसे थे.

नाथाला हे समजावताना रुडॉल्फला घाम फुटला. नाथा तीन रविवार आला. चौथ्या रविवारी त्याने चहा अर्धा ठेवला. "अंकल, तुमचा हा मॅटर कोर्टापेक्षा वाईट आहे," असं म्हणून तो गेला तो गेलाच. शेजारच्या तीन घरांवर इमारत चढली. बिशपांचं उत्तर त्र्याण्णवपर्यंत तरी आलं नव्हतं. रुडॉल्फ आठवणही करून देत नव्हता. उत्तर काय येईल याची त्याला दोन्ही बाजूंनी भीती.

वर्तक मात्र दर महिन्याला यायचा. लायब्ररीत काचेच्या कपाटात ठेवू, टीचर, वाळवीपासून वाचवू. टीचरांनी त्याच्याकडून औषध लावून घेतलं, पाठ नीट करून घेतली, आणि बुक घरी नेलं.

"निदान कधीतरी वाचायला तरी द्या," तो म्हणाला.

"आधी मी वाचेन."

आणि त्या बसल्या. इन्स्टिट्यूटमधलं सगळ्यात जुनं मशीन त्यांनी उथळसरला आणलं. डोंबिवलीत तोवर कॉम्प्युटरचे क्लास निघालेले, सहातली दोन मशिनं मोकळीच असायची. बुक उशीवर टेकवून, भिंग धरून, एकेक काळं अक्षर ओळखायचं आणि साध्या अक्षरांत मारायचं. मिनिटाला साठ शब्द मारणारी बाई, तासाला सहा ओळी. पहिले दोन महिने अर्थ लागलाच नाही. मग एखाद्या ओळीत एकदम एक माणूस दिसायचा, बोलायचा, आणि परत धुक्यात जायचा. शुक्रवारी त्या मेणबत्ती लावायच्या. कुणाला, हे अजून ठरलेलं नव्हतं, पण अंधारात भिंगातून दिसत नाही, एवढं कारण पुरेसं होतं.

वर्तकने सोडलेल्या पानांपाशी त्या मार्चमध्ये पोचल्या. एकही ओळ सोडली नाही. अर्थ लागेल तशी गोष्ट त्या मोठ्याने सांगत, अंगणात बसलेल्या रुडॉल्फला ऐकू जाईल अशी. कार्बन घालून दोन प्रती काढल्या, एक स्वतःला, एक वर्तकला. मधेच मशीन थांबलं.

अंगणातून रुडॉल्फचा आवाज आला, "काय गो, थांबलीस का? पुढे काय झालं त्या बाईचं?"

"थांब रे," टीचर म्हणाल्या, "अक्षर लागत नाय."